जिथं दुखत नव्हतं तिथला फोटो

माणसाचे दोन खांदे कधीच सारखे नसतात. मोहाडीत तहसील कचेरीच्या रस्त्याला माझा फोटो स्टुडिओ आहे, आणि इतकी वर्षं पासपोर्ट फोटो काढून मला हे एक शास्त्र पक्कं कळलंय. कोणी ओझी वाहून वाहून एका बाजूला कललेला असतो, कोणी नुसताच ऐटीत एक खांदा वर करून बसतो. गिऱ्हाइकाला मात्र खांदे सरळ पाहिजेत. म्हणून फोटो मी काढतो आणि खांदे सरळ करते माझी बायको वंदना. कॉम्प्युटर तिच्याकडे. डाग पुसणं, मान सरळ करणं, कॉलर बसवणं, सगळं तिचं खातं. तिच्या हाताखालून गेलेलं माणूस आरशातल्यापेक्षा बरं दिसतं, असं बाजाराच्या दिवशी येणाऱ्या बायका सांगतात.

हे आधीच सांगतो, कारण आमच्या संचिताच्या आजारात हेच आडवं आलं आणि हेच कामालाही आलं. ज्यांच्या घरी एखादं लेकरू हाड दुखतं म्हणून रडतंय आणि त्या दुखण्याला अजून नाव मिळालेलं नाही, त्यांच्यासाठी हे लिहितोय. मी डॉक्टर नाही, औषधांचं मला विचारू नका. मला कळतो तो फोटो. तोही अर्धाच कळत होता, हे या पोरीने दाखवून दिलं.

बिब्बा

संचिता तेव्हा नऊ वर्षांची होती. दिवाळीच्या सुट्ट्या संपल्या आणि ती शाळेतून लंगडत घरी आली. उजवा घोटा. लंगडी खेळताना मुरगळला असेल म्हणून आम्ही पट्टी बांधली. पट्टी सुटली, लंगडणं सुटलं नाही. गावातल्या डॉक्टरांनी एक्स-रे काढायला लावला, त्यात काही निघालं नाही. मी तो एक्स-रे स्टुडिओच्या लाइटवर धरून पाहिला. फिल्मच्या जमान्यात निगेटिव्ह पाहायची सवय, म्हटलं डॉक्टरांच्या नजरेतून सुटलं ते आपल्याला दिसेल. मला फक्त हाड दिसलं, आणि ते छान दिसत होतं.

माझी माय आमच्याजवळच राहते. नको नको म्हटलं तरी दर वर्षी धानाच्या रोवणीला जाते, दिवसभर वाकून चिखलात रोपं लावते, आणि मग कंबर धरून बसते. तिचा इलाज ठरलेला. बिब्ब्याचं फळ विस्तवावर तापवायचं आणि त्यातून सुटणारं काळं तेल सुईच्या टोकाने दुखऱ्या जागी ठिपक्या-ठिपक्यांनी लावायचं. तिच्या गुडघ्यांवर आणि कमरेवर असे जुने काळे ठिपके आहेत. आपण बाम लावतो तितकी तिला ती साधी गोष्ट वाटते.

वंदना आणि मी एका साक्षगंधाच्या, म्हणजे साखरपुड्याच्या, ऑर्डरवर गेलो होतो. परत आलो तर पोरीच्या घोट्याभोवती ठिपक्यांचं कडं. दोन दिवसांत तो बिब्बा उतला. मायच्या राकट कातडीला जे सोसतं ते लेकराच्या कातडीला सोसलं नाही. फोड आले, फुटले, पाणी वाहायला लागलं.

"काहून लावला हो तुमी?" वंदनाने विचारलं. "मले एक फोन त करायचा."

"रडून राहिली होती पोट्टी," माय म्हणाली. "मले पाहवलं नाई."

वंदना पुढे काही बोलली नाही. नंतरही बोलली नाही. कित्येक महिने आमच्या घरात सासू-सुनेचं बोलणं संचितामार्फत चालायचं. 'आजीले सांग, भाजी झाकून ठेवली हाय.' आजी समोरच बसलेली असायची.

सगळे घोट्याकडे पाहत होते

भंडाऱ्याच्या हाडांच्या डॉक्टरांनी जखम पाहिली आणि हे काय म्हणून विचारलं. आम्ही बिब्बा सांगितला. त्यांनी क्षणभर डोळे मिटले. दुसरा एक्स-रे काढला, त्यात आता घोट्याच्या वरचं हाड एके ठिकाणी खाल्ल्यासारखं दिसत होतं. वर उघडी जखम, आत बिघडलेलं हाड. जखमेतून जंतू आत गेले आणि हाडात पोचले, असं त्यांचं म्हणणं पडलं. आम्हालाही ते पटलं. त्या दिवसापासून त्यांच्या, आमच्या, पाहायला येणाऱ्या प्रत्येकाच्या डोळ्यांना संचिताचा एक घोटा तेवढा दिसत होता.

पोरीला भरती केलं. सकाळी सलाईन, दुपारी सलाईन, मध्ये टोचणं. दवाखान्यात माणसाला दिवस कळत नाही, फक्त जेवणाचा डबा कळतो. संचिताचे प्रश्न मात्र चालूच. सलाईनच्या बाटलीतला बुडबुडा वर का जातो, खाली का येत नाही? एवढं पाणी आत गेलं तर माणूस फुगत कसा नाही? एका सिस्टरबाई हात धुऊन तिच्या पलंगावर टेकायच्या आणि खरोखर उत्तरं द्यायच्या. शेजारच्या पलंगावर कोंढा गावची एक बाई हात मोडलेल्या मुलाला घेऊन होती. ती डबा उघडला की आधी संचितासमोर धरायची. "घे वं बाई, लाखोळीची भाजी हाय. हाड जुडते यानं." हाड जुळतं की नाही माहीत नाही, पण पोरगी त्या भाजीने दोन घास जास्त खायची. त्या दिवसांत आम्हाला ते पुष्कळ होतं.

मग छोटं ऑपरेशन झालं. हाड थोडं उघडून आतला तुकडा तपासायला काढला. पू निघेल असं वाटत होतं, निघाला नाही. तपासणीत जंतू वाढले नाहीत. कॅन्सरच्या पेशीही नव्हत्या. ते ऐकून मी दवाखान्याच्या पायरीवर बसून रडलो, कारण तो शब्द आम्ही कोणीच तोंडातून काढला नव्हता, पण सगळ्यांच्या मनात तोच होता. तपासणीच्या कागदावर एवढंच होतं, की सूज आहे.

"जंतू नाहीत तर मग सूज कशाची?" मी विचारलं.

डॉक्टर सरळ माणूस होते. म्हणाले, "औषध आधीच सुरू होतं, त्यामुळे कधी कधी जंतू सापडत नाहीत." औषध पुढे चालू राहिलं. जखम भरली, ठिपके वाळून काळे पडले, घोटा तसाच दुखत राहिला. शेवटी ते म्हणाले, पुन्हा उघडावं लागेल, या वेळी जास्त खरवडावं लागेल. आणि तिथंच हाडाची वाढीची जागा आहे. तिला धक्का लागला तर हा पाय दुसऱ्यापेक्षा आखूड राहू शकतो. "त्याआधी नागपूरला एकदा दाखवून घ्या," हेही त्यांनीच सांगितलं. हे त्यांचे उपकार.

घरी आल्यावर संचिताने दोन्ही पाय सतरंजीवर जोडून ठेवले आणि विचारलं, "बाबा, एक पाय लहान झाला त मी दोन वेगवेगळ्या नंबरच्या चपला घालन का?"

मायने पदर तोंडाला लावला आणि उठून आत गेली.

मंडपाचा फोटो

नागपूरच्या डॉक्टरीणबाई लहान मुलांच्या सांध्यांच्या होत्या. असा वेगळा डॉक्टर असतो हेच आम्हाला ठाऊक नव्हतं. त्यांनी आधी घोटा पाहिलाच नाही. संचिताला चालायला लावलं, टाचांवर उभं केलं, वाकायला सांगितलं, पाठीपासून बोटांपर्यंत हात फिरवला. जुने कागद सावकाश वाचले. मग म्हणाल्या, "कापायच्या आधी सगळ्या अंगाचा एमआरआय काढू."

मला राहवलं नाही. "मॅडम, दुखून राहिला घोटा, मग फोटो सगळ्या अंगाचा कायले?"

"तुम्ही काय काम करता?"

"फोटोग्राफर आहे जी."

"लग्नात फक्त नवरीचा फोटो काढता का?"

"नाही. मंडपाचा काढतो, पाहुण्यांचा काढतो."

"कशाला? लग्न तर नवरीचं आहे."

वंदना बऱ्याच दिवसांनी हसली.

एमआरआयच्या खोलीत लोखंड चालत नाही. माझं घड्याळ, पट्टा, चाव्या, संचिताच्या पिना, सगळं बाहेर ठेवावं लागलं. आमच्या धंद्यातली माणसं यंत्र दिसलं की त्याच्याभोवती फिरतात. मीही फिरलो. लेन्स कुठंच नव्हती. संचितानेही तेच हेरलं.

"काका, फ्लॅश कुठं हाय याचा?" तिने टेक्निशियनला विचारलं.

"याले फ्लॅश नाई लागत बेटा. हे चुंबक हाय. अंगातल्या पाण्याकडून फोटो घेते."

"अंधारात?"

"पक्क्या अंधारात बी."

तिने माझ्याकडे पाहिलं, म्हणजे बघा बाबा, तुमच्यापेक्षा भारी. मलाही आतून तसंच वाटलं होतं.

लहान मुलं हलतात म्हणून कधी कधी गुंगीचं औषध द्यावं लागतं, असं टेक्निशियनने सांगितलं. संचिता म्हणाली, मी नाही हलणार. ती स्टुडिओत वाढली आहे. रांगायच्या वयापासून तिने एकच वाक्य दिवसभर ऐकलंय: हनुवटी थोडी खाली, हलू नका. तिला त्या बोगद्यात सरकवलं. मी कानात बोळे घालून पायथ्याशी बसलो आणि तिच्या तळपायाला हात लावून ठेवला. यंत्र सुरू झालं. आधी राईस मिलसारखा आवाज, मग कोणी पत्र्यावर हातोडी मारतंय तसा. भीती मला वाटत होती. तळपाय गार होता, पण जागचा हलला नाही. बराच वेळ गेला. बाहेर आल्यावर तिचा पहिला प्रश्न होता, "काका, डोळे मिटले होते माह्ये. फोटो खराब झाला का?"

पांढरं म्हणजे उजेड नाही

डॉक्टरीणबाईंनी पडदा आमच्याकडे वळवला. डोक्यापासून पायापर्यंत माझी पोरगी उभी होती, करड्या रंगात, कातडी नसलेली. मला वाटलं होतं भीती वाटेल. वाटलं ते भलतंच, की फोटो फार सुरेख आलाय. बापाला असं वाटावं की नाही, ठाऊक नाही.

माझ्या धंद्यात पांढरं म्हणजे उजेड. जिथं उजेड जास्त पडतो ते पांढरं. इथं तसं नव्हतं. "या फोटोत पांढरं म्हणजे पाणी," त्या म्हणाल्या. "हाडात सूज असली की तिथं पाणी जमतं, ते असं चमकतं." आणि त्यांनी एकेका जागी बोट ठेवलं. उजवा घोटा, तो माहीतच होता. डावा घोटा. डावा गुडघा. पाठीचा एक मणका. आणि उजवीकडचं गळ्याखालचं हाड, कॉलरबोन.

संचिता खुर्चीवर गुडघे टेकून पाहत होती. "मॅडम, हे माह्यावालं नसन. मले पाठीत दुखतच नाई."

"म्हणूनच हा फोटो काढला. दुखणं सगळीकडे बोलत नाही," त्या म्हणाल्या. मग आमच्याकडे वळून सावकाश समजावलं. जखमेतून शिरलेले जंतू असे पाच ठिकाणी, दोन्ही पायांत सारखे जाऊन बसत नाहीत. तुकड्याच्या तपासणीत जंतू नव्हते, कॅन्सर नव्हता, आणि आता हा फोटो. नुसत्या फोटोवर त्या सांगत नव्हत्या, तिन्ही गोष्टी शेजारी ठेवून सांगत होत्या. शरीराची राखण करणारी यंत्रणा कधी कधी कारण नसताना आपल्याच हाडात सूज आणते. लहान मुलांत होतं. नाव क्रॉनिक नॉन-बॅक्टेरिअल ऑस्टिओमायलायटिस. संचिताने ते दोनदा म्हणून घेतलं आणि तिसऱ्यांदा आम्हाला शिकवलं.

"मग पाय परत कापायचा?" वंदनाने विचारलं. तिचा आवाज इतका बारीक होता की डॉक्टरीणबाईंना ते पुन्हा विचारावं लागलं.

"खरवडायचं काहीच नाही. यावर औषध आहे. हा मणका आत्ता सापडला हे बरं झालं. असाच राहिला असता तर पुढे दबला असता." त्यांनी आमच्यासमोरच भंडाऱ्याच्या डॉक्टरांना फोन लावला. ऑपरेशन रद्द झालं.

मग त्यांनी वंदनाचं बोट धरून संचिताच्या कॉलरबोनवर ठेवलं. "हा उंचवटा कधीपासून आहे?"

मी म्हणालो, उंचवटा कुठं आहे? वंदनाने मात्र हात झटक्यात मागे घेतला.

"जूनमध्ये होता," ती म्हणाली. "शाळेच्या ओळखपत्राचा फोटो होता. एक खांदा वर दिसत होता. मले वाटलं, वाकडी बसली असन. मी सरळ करून टाकला."

"सरळ केला म्हणजे?"

"कॉम्प्युटरवर."

मला वाटलं डॉक्टरीणबाई रागावतील. त्या खुर्चीत पुढे सरकल्या. "आधीचा फोटो आहे? न सुधारलेला?"

आमच्याकडे मूळ फोटो कधीच पुसत नाहीत. गिऱ्हाईक कधी येईल आणि 'हा मी नाहीच' म्हणेल, त्याचा नेम नसतो.

जूनचा फोटो

घरी पोचल्यावर वंदनाने पाणीसुद्धा प्यायलं नाही. स्टुडिओ उघडून कॉम्प्युटर लावला आणि दोन फोटो शेजारी शेजारी घेतले. उजवीकडे ओळखपत्रावरची संचिता, खांदे फुटपट्टीने आखल्यासारखे. डावीकडे मूळची. गणवेशाच्या कॉलरखाली, उजव्या बाजूला, बोराएवढा फुगवटा. मी स्वतः काढलेला फोटो, समोरून दिवा टाकून काढलेला. तिच्या डोळ्यातली चमक नीट आली की नाही एवढंच मी पाहिलं असणार.

वंदना बराच वेळ त्या दोघींकडे पाहत राहिली. मला वाटलं आता ती स्वतःलाच बोल लावत बसेल. ती उठली, घरात गेली, आणि मायचा हात धरून तिला घेऊन आली. तिला स्वतःच्या खुर्चीवर बसवलं. ती खुर्ची वंदना मलाही देत नाही.

"आई, हे पाहा."

इतक्या महिन्यांनी सरळ तिच्याशीच बोलली होती. माय गोंधळली. "मले का समजते त्यातलं बापा."

वंदनाने फोटो मोठा केला, इतका मोठा की पडद्यावर फक्त गळा राहिला. "हे सुजलेलं दिसून राहिलं ना? हा जूनचा फोटो हाय. घोटा दुखला दिवाळीनंतर. तुमचा बिब्बा त्याच्या बी नंतरचा."

माय पडद्याच्या अगदी जवळ गेली. तिने बोटाने तो फुगवटा चाचपून पाहिला, काचेवरूनच. मग विचारलं, "म्हणजे माह्यापायी नाई झालं?"

"तुमच्यापायी नाई झालं. कातडं जळलं तेवढं तुमच्यापायी."

"ते त मले माहीत हाय," माय म्हणाली, आणि रडायला लागली. वंदनाही रडली. मला काय करावं सुचेना, म्हणून मी दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं. बाहेर एक गिऱ्हाईक फोटोसाठी उभं होतं, त्याला उद्या ये म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वंदना ओरडली, "आई, भाजी झाकून ठेवली हाय." संचिता म्हणाली, "चला, माही नोकरी गेली."

आता

हा आजार एकदा गेला की गेला, असा नाही. सुजेचं औषध रोजचं आहे. मणक्यासाठी अधूनमधून नागपूरला भरती होऊन सलाईनमधून औषध घ्यावं लागतं. ते घेतल्यावर एखादा दिवस ताप येतो, अंग मोडतं, पोरगी चिडचिडते. मध्ये एकदा गुडघा पुन्हा दुखला. आधी भरायची तशी धडकी अजून भरते, खोटं कशाला सांगू. पण आता आम्हाला शत्रूचं तोंड माहीत आहे.

पुढचा एमआरआय झाला तेव्हा जुना आणि नवा फोटो शेजारी लावून पाहिला. मणक्यातलं पांढरं विझत आलं होतं. डावा घोटा पूर्ण करडा. कुठल्याच लग्नाचा अल्बम मी इतक्या लक्षपूर्वक पाहिलेला नाही. संचिताने त्या फोटोची प्रिंट मागून घेतली आणि हट्ट धरला, की शो-केसमध्ये नवरा-नवरींच्या फोटोंमध्ये लावा. वंदना म्हणाली, गिऱ्हाईक पळून जाईल. तडजोड म्हणून तो आत, कॉम्प्युटरच्या वर लावलाय. कोणी विचारलं तर संचिता नावासकट सगळं सांगते.

माय अजून बिब्बा लावते, पण स्वतःच्याच कमरेला. शेजारची कोणी बाई लेकराला घेऊन आली की म्हणते, "आधी फोटो काढून आण. सगळ्या अंगाचा." साध्या सर्दीलाही तेच सांगते. आम्ही समजावून थकलो.

तुमच्या लेकराचं दुखणं असंच असेल असं नाही. बहुतेक मुरगळलेले घोटे खरोखर मुरगळलेलेच असतात. पण औषध संपलं आणि दुखणं संपलं नाही, तर विचारा. जिथं दुखत नाही तिथलंही विचारा. वेड्यासारखे प्रश्न विचारा, चांगला डॉक्टर चिडत नाही.

या जूनमध्ये शाळेने ओळखपत्रासाठी पुन्हा फोटो मागवला. संचिता स्टुलावर बसली. मी नेहमीसारखं म्हणालो, हनुवटी थोडी खाली, हलू नको. ती म्हणाली, "मले नका सांगू बाबा, मी एमआरआयमध्ये नाई हलली." फोटो काढून मी आत पाठवला.

थोड्या वेळाने वंदनाची हाक आली. आवाजात राग होता. "तुमी याले हात लावला का? मी सांगितलं होतं ना, हिचा फोटो आता कोणीच सरळ करायचा नाई."

मी आत गेलो. तिने फोटो मोठा केला होता, इतका मोठा की पडद्यावर फक्त गळा आणि कॉलर होती. ती कॉलरखाली तो बोराएवढा फुगवटा शोधत होती.

"मी नाही लावला हात," मी म्हणालो. "काढला तसाच आहे."

तिने माउस बाजूला ठेवला. मग संचिताला हाक मारली, जवळ उभं केलं, आणि कॉलर बाजूला करून त्या हाडावरून बोट फिरवलं. एकदा, मग परत एकदा.

"गुदगुल्या होऊन राहिल्या मम्मी," संचिता म्हणाली.